आधी मीटर लावा, मग सेल्फ बदला

मागच्या अंकात क्लचबद्दल लिहिताना मी जाता जाता एक वाक्य टाकलं होतं, की क्लच बदलायला गिअरबॉक्स उतरवलाच आहे तर फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याला (क्रँकला) लागलेलं जड चाक, हाताने फिरवून बघा. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की यावेळी सगळा कॉलम फ्लायव्हील आणि त्याच्या दातांत अडकून इंजिन फिरवणारी मोटर, म्हणजे सेल्फ, या दोघांनाच देऊन टाकतो. जवळजवळ सगळ्या पत्रांत एक गोष्ट सारखी आहे, नवीन सेल्फ टाकून झालाय आणि गाडीचं दुखणं आहे तिथेच आहे.

प्रश्न: काका नमस्कार, माझी २०१२ ची स्कोडा लॉरा आरएस आहे, १.८ टीएसआय, सहा गिअर मॅन्युअल, १ लाख १० हजार किलोमीटर झालेत. दीड वर्षापूर्वी स्टेज वन रिमॅप केला (इंजिनच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलून ताकद वाढवली), ट्यूनरने कंपनीच्या २५० चे ३२० न्यूटन मीटर झाले असं सांगितलं, आणि गाडी खरंच सुसाट झाली. पण आता आयडलला (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) खडखड येते, बंद करताना धड-धड-धड करून बंद होते आणि चौथ्या गिअरला १५०० आरपीएमवर पाय दिला की अख्खा फ्लोअर थरथरतो. एकाने गिअरबॉक्स गेला सांगितलं, दुसऱ्याने इंजिन माउंटिंग. दोघांचे आकडे ऐकून बायकोने गाडीचा विषयच बंद केलाय. काय करू? – एक वाचक, पिंपरी-चिंचवड

उत्तर: गिअरबॉक्सला हात लावू नका अजून. तुम्ही लिहिलेल्या तीन लक्षणांत बंद करतानाची धडधड सगळ्यात बोलकी आहे, ती बहुतेक वेळा ड्युअल मास फ्लायव्हीलची असते.

हे फ्लायव्हील म्हणजे एक तबकडी नसून दोन तबकड्या असतात, एक क्रँकला घट्ट, दुसरीवर क्लच बसतो, आणि दोघींच्या मधे कमानीसारख्या वाकवलेल्या लांब स्प्रिंगा ग्रीसमध्ये बसवलेल्या असतात. इंजिन आपल्याला गुळगुळीत फिरतंय असं वाटतं पण ते प्रत्यक्षात ठोके मारत फिरतं, चार सिलिंडरला एका फेरीत दोन ठोके, म्हणजे १५०० आरपीएमला सेकंदाला ५०. हे ठोके गिअरबॉक्सपर्यंत जाऊ नयेत म्हणून त्या स्प्रिंगा. युरोपात जर्मनीच्या लुक कंपनीने १९८५ पासून हे फ्लायव्हील मोठ्या प्रमाणावर बनवायला घेतलं, आज जोरदार टॉर्कच्या बऱ्याच मॅन्युअल गाड्यांत तेच असतं. आता यातली गंमत अशी की या दोन तबकड्यांची स्वतःची झुलण्याची एक लय असते आणि ती मुद्दाम आयडलच्या खाली ठेवलेली असते, त्यामुळे गाडी चालताना त्रास नाही, पण चालू करताना आणि बंद करताना इंजिनाला त्या लयीतून जावंच लागतं. स्प्रिंगा ढिल्या झाल्या, ग्रीस उडालं, की नेमकं तिथेच धडधडतं.

घरच्या घरी हे करून बघा. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक, इंजिन गरम, काच खाली. क्लच सोडलेला असताना आवाज येतो आणि हळूहळू दाबल्यावर जातो, तर संशय गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्ट बेअरिंगवर किंवा नुसत्या दातांच्या खडखडीवर. उलट क्लच दाबल्यावरच खर्र सुरू होते, तर रिलीज बेअरिंग. आणि क्लच दाबा-सोडा काहीही करा, बंद करताना धडका बसतातच, कमी आरपीएमला जास्त गिअरमध्ये भार दिला की थरथर येतेच, तर फ्लायव्हील. माउंटिंगचा संशय काढायला बॉनेट उघडून कुणाला तरी बघायला उभं करा, तुम्ही ब्रेक दाबून क्लच जरासा धरून सोडा, इंजिन एका बाजूला उचकतं का ते दिसतं. पाच मिनिटांचं काम आहे, फुकट आहे, तरी कुणी करत नाही.

आणि हो, गिअरबॉक्स उतरवायच्या आधी बॅटरी तपासा. हे वाचून हसाल, पण सेल्फ हळू फिरत असेल तर इंजिन त्या झुलण्याच्या पट्ट्यात जास्त वेळ रेंगाळतं आणि चांगलं फ्लायव्हीलसुद्धा धडधडतं, असं महिनोन्महिने चाललं तर खराबही होतं. म्हणून मी म्हणतो की सेल्फ आणि फ्लायव्हील एकाच घरातले दोघे आहेत, एकाचं बिनसलं की दुसऱ्याला ताप.

उतरवल्यावर काय बघायचं: वरची तबकडी दोन्ही हातांनी डावीकडे-उजवीकडे फिरवा, दोन्ही बाजूंना स्प्रिंगचा विरोध जाणवला पाहिजे. मधे रिकामी हालचाल किती चालते ते प्रत्येक पार्ट नंबरला वेगळं असतं, बनवणारी कंपनी तो आकडा देते, कधी अंशात तर कधी रिंग गिअरच्या, म्हणजे फ्लायव्हीलच्या कडेच्या दातेरी कड्याच्या, किती दातांएवढी अशा मापात. मेकॅनिक नुसता "चालेल साहेब" म्हणाला तर तो आकडा काढायला लावा. मग तबकडी पुढे-मागे डोलवून बघा. कडेने काळं ग्रीस बाहेर उडालेलं असेल, घासणाऱ्या पृष्ठभागावर निळे डाग किंवा चिरा असतील, तर पुढे मोजायचीसुद्धा गरज नाही. कुणी "लेथवर फेसिंग मारून देतो" म्हणालं तर नको म्हणा, या प्रकाराला मी ते करू देत नाही, आतल्या स्प्रिंगा लेथने बऱ्या होत नाहीत.

बोल्ट नवीनच घ्या. ते एकदा ताणून बसवायचे असतात, फोक्सवॅगन घराण्याच्या बऱ्याच इंजिनांना ६० न्यूटन मीटर आणि त्यावर पाव फेरी असं माप आहे, तुमच्या इंजिन नंबरचं मॅन्युअल बघून खात्री करा, आणि टॉर्क रेंच (मोजून आवळायचा पाना) नसलेल्या माणसाला हे काम देऊ नका, तो कितीही ओळखीचा असला तरी. क्लच सेट, रिलीज बेअरिंग, क्रँकचं मागचं ऑइल सील हे त्याच वेळी. मजुरी एकदाच द्यायची.

सिंगल मास टाकू का असं पुढे विचारालच. स्वस्त पडतं, टॉर्क झेलतं, ट्रॅकवाल्या गाडीला मी स्वतः सांगतो. पण त्याच्याबरोबर स्प्रिंगवाली क्लच प्लेट लागते आणि आयडलला गिअरबॉक्सची खडखड आयुष्यभर राहते, तो बिघाड नसतो, ती त्या निवडीची किंमत. घरात आधीच गाडीचा विषय बंद झालाय म्हणता, तर ड्युअल मासच घाला. आणि रिमॅप ठेवायचा असेल तर २००० च्या खाली पाचव्या-सहाव्यात पाय दाबायची सवय सोडा, एक गिअर खाली घ्या, त्यासाठीच तर सहा दिलेत.

प्रश्न: दादा, अबार्थ पुंटो आहे, १.४ टी-जेट, १४५ बीएचपी. सकाळी एका झटक्यात चालू होते. पण कसारा घाट चढून वर आलो, चहाला थांबलो, की परत सेल्फ मारल्यावर फक्त एक "टक" आणि पुढे काही नाही. वीस-पंचवीस मिनिटं थांबलं की जणू काही झालंच नाही अशी चालू होते. दोन सेल्फ बदलले, बॅटरी नवी. मोठा डाउनपाइप (टर्बोनंतरचा एक्झॉस्टचा पाइप) टाकलाय, तेव्हा क्लचचंही काम झालं होतं. – एक वाचक, नाशिक

उत्तर: दोन सेल्फ! एवढ्यात चांगला मल्टिमीटर, टॉर्क रेंच आणि वर कुटुंबाला शिर्डी झाली असती. असो.

तुमच्या पत्रातली शेवटची ओळ महत्त्वाची आहे. डाउनपाइप बदलताना बहुतेक जण हीट शील्ड काढून बाजूला ठेवतात आणि ते तिथेच राहतं. तांबं तापलं की त्याचा विरोध वाढतो, दर अंशाला साधारण ०.४ टक्का, म्हणजे २५ अंशांवरून १०५ वर गेलं की जवळपास ३० टक्के. सेल्फच्या डोक्यावर जो सोलेनॉइड, म्हणजे मोटरला करंट जोडणारा चुंबकी स्विच, असतो त्यातही तांब्याचीच गुंडाळी, तापल्यावर तिच्यातून करंट कमी जातो, ओढ कमी होते. घाट चढताना टर्बो रसरसलेला, नंतर तुम्ही थांबलात, हवा लागणं बंद, सगळी उष्णता वर सरकत सेल्फवर. म्हणून चालताना नाही, चहानंतर.

पण नुसत्या उष्णतेने सहसा गाडी अडत नाही, कुठेतरी आधीच व्होल्टची गळती असते आणि उष्णता फक्त शेवटचा धक्का देते. ती गळती शोधायला मीटर वीस व्होल्टवर लावा. इंधन पंपाचा फ्यूज काढा म्हणजे इंजिन चालू होणार नाही, नुसतं फिरेल, आणि एका वेळी दहा सेकंदांच्या वर सेल्फ मारू नका, मधे त्याला श्वास घेऊ द्या. बॅटरी स्वस्थ असताना १२.६ च्या आसपास दाखवेल. सेल्फ मारताना ९.६ च्या वर राहिली तर बॅटरी ठीक. आता मीटरची एक पिन बॅटरीच्या प्लस खांबावर, क्लॅम्पवर नाही, खांबावरच, आणि दुसरी सेल्फच्या जाड बोल्टवर, आणि सेल्फ मारा. अर्ध्या व्होल्टच्या वर दिसलं तर प्लसची केबल किंवा तिच्या टोकाचा लग खराब. मग एक पिन बॅटरीच्या मायनस खांबावर, दुसरी सेल्फच्या बॉडीवर, परत मारा. इथे पाव व्होल्टच्या आसपास ठीक, त्याच्या वर गेलं की अर्थिंग, म्हणजे मायनसकडची परतीची वाट, खराब.

माझा दाट संशय इथेच आहे, कारण क्लचच्या कामाला गिअरबॉक्सची अर्थिंगची पट्टी सोडावी लागते आणि परत लावताना खाली रंग, गंज, तेल तसंच ठेवून बोल्ट मारला जातो. पट्टीच्या सांध्यात एका ओहमचा फक्त शंभरावा भाग एवढा विरोध आला तरी १५० अँपिअरला दीड व्होल्ट तिथेच खलास. मीटरने नुसता विरोध मोजला तर तो दिसतही नाही, सगळं ठीक वाटतं, म्हणून भार असतानाच मोजायचं. मीटर नसेल तर एक देशी युक्ती: जंप केबलची एक वायर घ्या, बॅटरीच्या मायनसवरून थेट इंजिनच्या उघड्या लोखंडावर लावा, टर्बोपासून आणि इंजिनच्या फिरत्या पट्ट्यापासून (बेल्टपासून) लांब. गरम गाडी आता पटकन उठली तर तुमचा चोर सापडला, पट्टी काढून पृष्ठभाग पॉलिशपेपरने चकचकीत करून परत लावा. खर्च शून्य.

दोन्ही आकडे चांगले आले तरच सेल्फकडे वळा. सोलेनॉइडवर बारीक वायरचं जे टर्मिनल आहे, जर्मन पद्धतीत त्याला ५० नंबर म्हणतात आणि बॅटरीच्या जाड बोल्टला ३०, तिथे गरम असताना चावी फिरवून किती व्होल्ट येतात बघा. तिथेच कमी येत असेल तर इग्निशन स्विच, रिले किंवा मधली वायर. तिथे पुरेसं येतंय, टक होतंय, तरी मोटर फिरत नाही, मग आतले तांब्याचे कॉन्टॅक्ट जळलेत किंवा कार्बन संपलेत. आणि काहीही निघालं तरी ते हीट शील्ड परत बसवा, नाहीतर तिसऱ्या सेल्फची वेळ येईल आणि मला पत्र लिहायला तुम्हाला लाज वाटेल.

सेल्फ खोलताना बॅटरीची मायनस आधी काढायची. लोक विसरतात, पाना बॉडीला टेकतो, आणि मग जी ठिणगी उडते ती बघितलेला माणूस पुन्हा विसरत नाही.

प्रश्न: जुनी ऑक्टाव्हिया आरएस, १.८ टर्बो. पावसाळ्यात सेल्फ मारला की कट-कट-कट-कट असं भराभर वाजतं, डॅशबोर्डचे दिवे विझतात-पेटतात. – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर: भराभर कटकट म्हणजे सोलेनॉइड ओढतोय, मोटरने करंट मागितला की व्होल्टेज कोसळतं, सोलेनॉइड सुटतो, व्होल्टेज परत वर येतं, परत ओढतो. बॅटरी उतरलीय किंवा टर्मिनलवर हिरवं-पांढरं चढलंय, कोकणातल्या खाऱ्या हवेत दुसरंच जास्त. गरम पाण्याने धुवा, वायरब्रश मारा, व्हॅसलीन लावा. सेल्फला दोष देऊ नका.

प्रश्न: काका, फियाट पॅलिओ १.६ जीटीएक्स, हौसेने जपलीय. दहा वेळा सेल्फ मारला तर आठ वेळा छान, दोन वेळा खर्रर्र असा दात घासल्याचा आवाज. बेंडिक्स (सेल्फचं छोटं दातेरी चाक पुढे ढकलणारा भाग) नवीन टाकून झाला. मेकॅनिक म्हणतो आख्खं फ्लायव्हील बदला, ते मिळत नाहीये. – एक वाचक, सांगली

उत्तर: हे पत्र वाचून बरं वाटलं, पॅलिओ १.६ अजून कुणी जपतंय.

दहातून दोनदा हा आकडाच उत्तर सांगतो. इंजिन बंद झाल्यावर कुठेही थांबत नाही, कॉम्प्रेशनच्या चढाला अडून थांबतं, आणि चार सिलिंडरला फ्लायव्हीलवर अशा जागा दोनच, समोरासमोर. मारुती ८०० सारख्या तीन सिलिंडरला तीन असतात. म्हणजे सेल्फचा पिनियन, ते छोटं दातेरी चाक, वर्षानुवर्षं रिंग गिअरच्या त्याच त्याच दातांवर आदळतो, तिथले दात झिजतात आणि बाकीची रिंग कोरी करकरीत. पुढच्या वेळी खर्र झालं की चावी बंद करा, गाडी चौथ्या गिअरला टाकून फूटभर ढकला, न्यूट्रल करा आणि परत मारा. गुपचूप चालू झाली तर निदान पक्कं. नंतर सेल्फ काढून त्या भोकातून टॉर्च आणि मोबाइलचा कॅमेरा आत घाला, क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन हळूहळू एक पूर्ण फेरी फिरवा आणि एकेक दात बघा. नुसता पिनियनकडचा कोपरा घासलाय की दाताचा अर्धा भागच गेलाय, दोन्हीत फरक आहे.

आता तुमचा मेकॅनिक म्हणतो तसं फ्लायव्हील बदलायची गरज नाही. रिंग गिअर वेगळी असते, गरम करून बसवलेली, चिकटवलेली किंवा वेल्ड केलेली नव्हे. साधारण २८० मिलिमीटर व्यासाची लोखंडी रिंग २०० अंशांनी तापवली की व्यासात दोन तृतीयांश मिलिमीटर वाढ होते, तेवढ्यावर ती फ्लायव्हीलवरून सुटते आणि थंड झाली की आवळून बसते. नवी रिंग मिळाली तर उत्तमच, दातांची संख्या आणि आतला व्यास मोजून घ्या. नाही मिळाली तर जुनी रिंग काढून ९० अंश फिरवून परत बसवा, झिजलेली जागा बाजूला गेली आणि कोरे दात कामाला आले. आमच्या आधीच्या पिढीचे मिस्त्री हे सर्रास करायचे, आता "पार्ट बदला" एवढंच उरलंय. हे करण्याआधी एक बघा, इंजिनाचा स्पीड सेन्सर रिंगवरून किंवा फ्लायव्हीलवरच्या खाचेवरून तर वाचत नाही ना. कुठल्याही गाडीत तसं असेल तर रिंग फिरवायची नाही, टायमिंगचं गणितच बिघडेल.

काम कोल्हापूरला उद्यमनगरात घेऊन जा, तुम्हाला जवळ आहे आणि तिथे हे काम हाताखालून गेलेले लोक आहेत. फक्त समोर उभं राहून बघा. रिंग भट्टीत किंवा ओव्हनमध्ये एकसारखी तापवायची, गॅसने एकाच जागी ज्योत मारून लालबुंद करायची नाही, लाल झाली की दातांचा कडकपणा गेला आणि सहा महिन्यांत परत खर्र. फ्लायव्हील मात्र थंडच ठेवायचं. बसवायला काही सेकंदच मिळतात, तिरकी बसली तर हातोडीने ठोकत बसू नका, काढून परत तापवा. आणि दाताची उतरती कड पिनियन येतो त्या बाजूला. उलटी बसवलेली रिंग मी स्वतः बघितलीय, नवी रिंग, नवा सेल्फ, आणि पहिल्याच दिवशी करवत चालल्यासारखा आवाज, मालक आणि मिस्त्री दोघे एकमेकांच्या तोंडाकडे बघतायत.

बेंडिक्स नवीन टाकलाय म्हणता, तो झिजलेल्या दातांवर इतके दिवस आपटलाय, त्याचे दातही परत बघून घ्या. इंजिन चालू असताना चुकून परत सेल्फ मारायची सवय घरात कुणाला असेल तर त्याच्याशी प्रेमाने बोला.

प्रश्न: भाऊ, एस्टीम आहे, ऑटोक्रॉससाठी बनवतोय. एकजण म्हणतो फ्लायव्हील लेथवर तीन किलो कापून देतो, टॉप स्पीड वाढेल. करू का? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: टॉप स्पीडसाठी करत असशील तर पैसे वाचव. गणित बघ, सोपं आहे. कडेजवळून, म्हणजे मध्यापासून ११ सेंटिमीटरवरून तीन किलो काढले असं धर. पहिल्या गिअरला एकूण रेशो १४ च्या घरात असेल, म्हणजे चाकाच्या एका फेरीला इंजिनाच्या १४, तर इंजिनाच्या दृष्टीने ही बचत गाडीतून साधारण ८५ किलोचा माणूस उतरवल्यासारखी आहे. पाचव्याला एकूण रेशो सव्वातीनच्या आसपास, तिथे तीच बचत जेमतेम पाच किलो. आणि टॉप स्पीडला तर वेग वाढतच नसतो, मग फ्लायव्हील हलकं काय, जड काय. ऑटोक्रॉसमध्ये पहिल्या-दुसऱ्यात सारखं वर-खाली करायचं असतं, तिथे फरक कळतो, पाय दिला की आरपीएम चटकन उठतं. मध्याजवळूनच तीन किलो काढले तर काहीच कळणार नाही, वजनापेक्षा ते कुठून काढलं हे मोठं, अंतराच्या वर्गाने परिणाम होतो.

बदल्यात आयडल अस्थिर होईल, ट्रॅफिकमध्ये चढावर बंद पडेल, सुटताना जास्त पाय द्यावा लागेल.

पण माझी खरी भीती वेगळीच आहे. ते फ्लायव्हील ओतीव लोखंडाचं असेल तर कापून पातळ केल्यावर फुटू शकतं. २६ सेंटिमीटरची तबकडी ७००० आरपीएमला फिरते तेव्हा तिची कड ताशी ३४० किलोमीटरच्या वर धावत असते, आणि आठ किलोची तबकडी धरली तर तिच्यात साठलेली ताकद एक टनाची गाडी ताशी वीस-बावीसने भिंतीवर जाण्याएवढी, आणि ते सगळं तुझ्या पायांपासून हातभर अंतरावर. ओतीव लोखंड वाकत नाही, तुकडे होऊन उडतं, बेलहाउसिंग, म्हणजे त्याच्यावरचं गिअरबॉक्सचं कवच, ते अडवत नाही. म्हणून क्लचच्या घासपट्टीच्या मागचा भाग कधीच पातळ करायचा नाही. पैसे असतील तर एकसंध स्टीलचं बनवून घे, नसतील तर आहे तेच ठेव आणि टायरवर खर्च कर. कापलंसच तर क्लचच्या प्रेशर प्लेटसकट बॅलन्स केल्याशिवाय इंजिनला लावू नको, आणि दोघांवर खूण करून ठेव म्हणजे परत त्याच जागी बसेल.

प्रश्न: नमस्कार, मी डॅलसला असतो. १९८८ ची कॅमारो घेतली, ३०५ व्ही-एट, पाच गिअर मॅन्युअल. आधीच्या मालकाने नवा सेल्फ बसवलाय. इंजिन चालू झालं आणि चावी सोडली की एक सेकंद शिट्टीसारखा तीक्ष्ण आवाज येतो. इथे गॅरेजची मजुरी ऐकून स्वतःच करायचं ठरवलंय. – एक वाचक, टेक्सास

उत्तर: स्वतःच करा, हे अंगणात होण्यासारखं काम आहे, फक्त गाडी जॅकवर नाही, स्टँडवर ठेवा. शेवरोलेच्या या जुन्या व्ही-एटला सेल्फ खालून थेट ब्लॉकला बसतो आणि पिनियन-रिंगमधलं अंतर पातळ पत्र्याच्या शिम घालून जुळवावं लागतं, आपल्याकडच्या गाड्यांत ही भानगड नसते म्हणून इथले मेकॅनिक ऐकून चक्रावतील. नियम असा: शिट्टी सेल्फ फिरत असताना, इंजिन पेटण्याआधी येत असेल तर अंतर जास्त आहे, शिम काढा. पेटल्यानंतर चावी सोडताना येत असेल तर अंतर कमी आहे, शिम घाला. तुमचं दुसरं. पिनियन हाताने पुढे ओढून रिंगच्या दातांत अडकवा आणि पिनियनच्या दाताचं टोक ते रिंगच्या खाचेचा तळ यात साध्या पेपरक्लिपची तार, साधारण ०.९ मिलिमीटर, जाते का बघा. रिंग फिरवून तीन-चार जागी बघा, कारण ती पूर्ण गोल असतेच असं नाही.

बोल्ट मात्र त्याच कामाचे, दांड्यावर खरबरीत रेघा असलेले घ्या, ते भोकात घट्ट बसून सेल्फला जागेवर धरतात. हार्डवेअरच्या दुकानातला साधा बोल्ट घातला तर सेल्फ सरकतो आणि तुम्ही शिम जुळवतच बसाल. रिंगचे दात मोजा, तिथे १५३ आणि १६८ अशा दोन मापांची फ्लायव्हील चालतात, सेल्फचं नाक आणि बोल्टांची मांडणी त्याप्रमाणे वेगळी असते, आधीच्या मालकाने भलताच उचलला असेल तर शिमने काही होणार नाही. आणि पुढे कधी फ्लायव्हील घ्यायचं झालं तर १९८६ च्या आधीचं स्वस्त मिळतंय म्हणून भुलू नका, त्या वर्षी मागचं सील बदललं, क्रँकच्या बोल्टांचं वर्तुळ लहान झालं आणि बॅलन्सचं वजन फ्लायव्हीलवर आलं. जुनं तुमच्या क्रँकला बसणारच नाही.

प्रश्न: पोलो जीटी टीएसआय, डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स). ऑटोमॅटिकला फ्लायव्हील नसतं ना? मग मी हा विषय सोडून देऊ का? – एक वाचक, ठाणे

उत्तर: तुमच्या सात गिअरवाल्या ड्राय क्लच डीएसजीला असतं, आणि तेही ड्युअल मास, त्यामुळे लॉरावाल्यांचं उत्तर तुम्हालाही लागू, फक्त क्लच पेडलच्या चाचण्या तुम्हाला करता येणार नाहीत, बंद करतानाची धडधड ऐका. टॉर्क कन्व्हर्टरवाल्या (क्लचऐवजी तेलातून ताकद पुढे देणाऱ्या) ऑटोमॅटिकला मात्र जड तबकडी नसते, एक पातळ प्लेट असते आणि रिंग गिअर तिलाच लागलेली. ती क्रँकच्या बोल्टांपाशी चिरते आणि मग आयडलला असा ठोका येतो की भलेभले कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग गेलं म्हणून इंजिन खोलायला बसतात. कुणी तसं सांगितलं तर इंजिन खोलायच्या आधी खालचं छोटं कव्हर काढा, टॉर्च मारा, आणि बोल्टांच्या भोवती केसाएवढी चीर दिसते का ते बघा.